ब्रेकमधलं पेट्रोल

यंदाच्या अंकाचा विषय हवामानबदल. पण ध्रुवावरची अस्वलं आणि वितळणारे हिमनग नकोत, जवळचं काहीतरी द्या, असं संपादकांनी फोनवरच बजावलं होतं. पुण्यात राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. कोथरूडच्या डोक्यावर वेताळ टेकडी आहे. निम्मं पुणं तिला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतं, कारण १९६६मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया तिच्यावर आहे. गाडी किती पेट्रोल पिते आणि मागून किती धूर सोडते, ते मोजून शिक्का मारणारी ही संस्था. टेकडी उतरून पलीकडे पाषाण रस्त्याला लागलं की भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था येते. तो धूर आभाळात गेल्यावर आपल्या पावसाचं काय होतं, याचा हिशेब तिथे चालतो. एकाच गोष्टीची दोन टोकं एका टेकडीच्या दोन अंगांना मोजली जातात आणि मधल्या झाडीत सकाळी मोर ओरडत असतात.

टेकडीवर चालायला येणाऱ्यांच्या गप्पांत पाऊस क्वचितच येतो. ॲव्हरेज हमखास येतं. ‘‘आमची हायब्रीड बावीस देते,’’ कानटोपीतले एक काका सांगत होते. सोबतच्यांनी लगेच टोकलं, ‘‘कंपनीनं तर अठ्ठावीस सांगितलं होतं ना?’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘ते इथलं, टेकडीवरचं ॲव्हरेज. खाली उतरलं की बावीस.’’

टेकडीवरचं ॲव्हरेज

काकांचा टोमणा बरोबर होता. सरकारमान्य ॲव्हरेज काढताना गाडी जागची हलत नाही. तिची चाकं लोखंडी रुळांवर ठेवतात आणि रस्त्याचा, हवेचा जो काही विरोध व्हायचा तो ते रूळच करतात. समोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते. चालकानं ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळत त्या रेघेवर राहायचं. खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे जेमतेम वीस मिनिटांचा. त्यातल्या शहरी भागात सरासरी वेग ताशी १९ किलोमीटर, शेवटच्या टप्प्यात जास्तीत जास्त ९०. एसी बंद. भूमकर चौकातली कोंडी नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर पाहुणे आणि डिकीत त्यांच्या बॅगा नाहीत.

परीक्षा सगळ्यांना सारखीच, त्यामुळे तुलनेपुरती ती उपयोगी आहे. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि तिचीच जुळी बहीण असलेली टोयोटाची हायरायडर यांच्या हायब्रीड रूपांना या परीक्षेत लिटरला २७.९७ किलोमीटर मिळाले. सात-आठ माणसांची इनोव्हा हायक्रॉस २३.२४वर गेली. एवढ्या अंगाच्या पेट्रोल गाडीला हा आकडा काही वर्षांपूर्वी कुणी सांगितला असता, तर हसण्यावारी नेला असता.

या आकड्यामागची गंमत इंजिनाइतकीच ब्रेकमध्ये आहे. साध्या गाडीत पेट्रोलमधल्या उष्णतेचा मोठा भाग रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर जातो. जी काही ताकद चाकांपर्यंत पोचते, तिच्यातला बराच वाटा शहरात पुढच्या सिग्नलला ब्रेक लावून आपण घालवतो. गाडीला वेग द्यायला जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या तबकडीवर घासून तापतं आणि हवेत जातं. पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा तेच. वर सिग्नलला उभं असताना इंजिन रिकामं धडधडतं ते वेगळंच.

हायब्रीड गाडीत चाकांना विजेची मोटरही जोडलेली असते. ब्रेक दाबला की सुरुवातीला तबकडी घासली जात नाही. मोटरच उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज करते आणि ती बॅटरीत जाते. पुढच्या वेळी गाडी हलवायला तीच वीज कामी येते. ही बॅटरी इलेक्ट्रिक गाडीच्या मानानं अगदी चिमुकली. हायरायडरची पाऊण युनिटाची, म्हणजे घरातला गीझर अर्धा तासही चालणार नाही एवढी. वाण्याच्या गल्ल्यासारखं तिचं काम, दिवसभर सुटे पैसे येतात आणि जातात. साठवायला तो ठेवलेला नसतोच.

ट्रॅफिक लागलं की खूश

हे कागदावर समजतं, पण पटतं ते गाडीत बसल्यावर. हिंजवडीहून मुंबई विमानतळावर जाणाऱ्या एका हायक्रॉस टॅक्सीत मी चालकाशेजारी बसून निघाले. चालक पाटण तालुक्यातले, आधी सात-आठ वर्षं डिझेलची इनोव्हा चालवलेले. वाकडच्या अलीकडे गाड्यांची रांग जागच्या जागी गोठली होती. मी सवयीनं सुस्कारा सोडला. ते हसले. ‘‘ताई, ट्रॅफिक लागलं की आमची गाडी खूश. डिझेलला याच ठिकाणी घाम फुटायचा.’’

समोरच्या पडद्यावर चाक, बॅटरी आणि इंजिन यांची चित्रं होती आणि त्यांच्यात बाण ये-जा करत होते. गाडी दोन हात पुढे सरकली तेव्हा बाण बॅटरीकडून चाकाकडे आला, ब्रेक दाबल्यावर उलटा फिरला. इंजिनाचं चित्र बराच वेळ विझलेलं. हे चालक पाय अगदी हलका ठेवतात, लांबूनच ब्रेकवर येतात. एकदम दाबला तर साधा ब्रेक घासतो आणि वीज फुकट जाते, हे त्यांना कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही, बाणांकडे बघूनच ते शिकले. ब्रेक पॅड बदलायला काढले तेव्हा मेकॅनिक म्हणाला, अजून निम्मेसुद्धा झिजलेले नाहीत.

मधेच इंजिन सुरू झालं. गाडी तर उभीच होती. ‘‘एसी,’’ ते म्हणाले. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येते, पण बॅटरी उतरली की ती भरायला इंजिनाला उठावं लागतं. एप्रिल-मेमध्ये त्यांचं ॲव्हरेज लिटरमागे एखाद-दीड किलोमीटरनं पडतं. उकाडा वाढला की एसी वाढतो, एसी वाढला की पेट्रोल जास्त जळतं. हवामानबदल गाडीच्या टाकीपर्यंत असा येऊन पोचलाय.

वर्षभराचं ॲव्हरेज किती, विचारलं. ‘‘सोळा-सतरा धरा. जुनी डिझेल अकरा-बारा द्यायची.’’

द्रुतगती मार्गाला लागल्यावर बाणांची लगबग थांबली. शंभराच्या स्थिर वेगात ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळवणार? तिथे लढाई हवेशी. तरीही ही गाडी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा थोडी पुढे राहते, ती इंजिनाच्या वेगळ्या बांधणीमुळे. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्यानं १८८२च्या सुमारास असं इंजिन सुचवलं, ज्यात जळलेल्या वायूला दाबल्यापेक्षा जास्त पसरू द्यायचं. पेट्रोलमधून काम जास्त निघतं, पण इंजिनाची झेप कमी होते. शतकभर ते फारसं कुणाला नको होतं. १९९७च्या डिसेंबरात टोयोटानं जपानमध्ये प्रियस बाजारात आणली तेव्हा त्याच कल्पनेचा नवा अवतार तिच्यात बसवला आणि झेप द्यायचं काम मोटरवर सोपवलं. आज रस्त्यावरच्या बहुतेक पक्क्या, म्हणजे नुसत्या विजेवरही हलू शकणाऱ्या, हायब्रीडमध्ये हीच जोडी आहे.

खंडाळ्याचा घाट उतरताना

घाटात मला जे पाहायचं होतं ते दिसलं. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण पाचशे मीटर खाली येतो. माणसांसकट दोन टनांची गाडी एवढी खाली आणली तर हिशेबानं पावणेतीन युनिटं ऊर्जा मोकळी होते. चाकांचं घर्षण आणि वारा यांनी काही खाल्ली तरी पुष्कळ उरते. पण गल्ला लहान. त्यातही बॅटरी लवकर मरू नये म्हणून ती पूर्ण भरू देत नाहीत आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाहीत, मधलाच पट्टा वापरतात. उताराचा पहिला टप्पा संपेतो पडद्यावरची बॅटरी काठोकाठ दिसायला लागली. आणि एकाएकी इंजिन घोंघावू लागलं, जणू कुणी ॲक्सिलरेटर पिळतंय. चालकांचा पाय तर वर होता.

‘‘पहिल्यांदा मी घाबरलो होतो,’’ ते म्हणाले. ‘‘वाटलं गाडी गेली.’’ गाडीला काही झालेलं नसतं. वीज ठेवायला जागा उरली नाही की ही यंत्रणा इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते आणि त्या ओझ्यानं गाडी आवरते. म्हणजे अर्धा घाट उतरल्यावर हायब्रीडही साध्या गाडीसारखीच ऊर्जा हवेत सोडत जाते. मोठी बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी इथे बाजी मारते, फक्त लोणावळ्यात तिला शंभर टक्के चार्ज करून निघायचं नाही.

येताना हाच घाट चढायला पाऊण लिटरच्या आसपास जादा पेट्रोल लागतं. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही नसतं, पण ते जळून होणारा कार्बन डायऑक्साइड भरतो २.३ किलो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. या वायूचा मोठा भाग शेकडो वर्षं वर राहतो. आपण विमान पकडतो आणि विसरतो.

रस्ता नसलेली वाडी

घाट संपून सपाटीला लागलं की चौक गावाच्या बाजूला इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पोटाशी ठाकर समाजाची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३च्या रात्री दिवसांमागून दिवस झालेल्या पावसानंतर वरचा डोंगर घरांवर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. बचाव पथकांना चिखलातून पायी चढून जावं लागलं, कारण वाडीपर्यंत गाडीचा रस्ताच नव्हता.

एका दरडीचं खापर थेट कार्बनवर फोडता येत नाही, आणि फोडूही नये. डोंगराची झीज, उतार, मातीची खोली अशी कारणं असतातच. पण पाऊस बदललाय, हे पाषाणच्या संस्थेतलं काम स्पष्ट सांगतं. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे मधले दिवस कोरडे आणि मग एकदम आभाळ फाटतं. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे. याच संस्थेतल्या आणखी एका अभ्यासात २००१ ते २०१९ या वर्षांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीवाल्यांना हा आकडा सांगायची गरज नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळानं त्यांच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचं झाड पुन्हा लावून उत्पन्नाला यायला काही वर्षं जातात.

इर्शाळवाडीतल्यांनी किती पेट्रोल जाळलं असेल? द्रुतगती मार्गावरून जाताना ॲव्हरेजच्या गप्पा मारणाऱ्या आम्हा दोघांना तो सुळका काचेतून दिसत होता, आणि आम्ही थोडा वेळ बोललो नाही.

सौम्य आणि पक्की

पुण्यात परतल्यावर एका शोरूममध्ये गेले. तिथल्या तरुणानं मला तीन गाड्या दाखवल्या आणि तिन्हींना ‘हायब्रीड’च म्हटलं, ‘‘मॅडम, सगळ्या ग्रीनच.’’ खोदून विचारल्यावर कळलं की दोन ‘माइल्ड’ होत्या. त्यांत पट्ट्याला जोडलेली छोटी मोटर असते, ती इंजिन बंद-चालू करायला आणि वेग घेताना थोडा हातभार लावायला. नुसत्या विजेवर ती गाडी एक फूटही जात नाही. फायदा होतो, पण थोडका. २०१५मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या फेम योजनेत अशा सौम्य हायब्रीडनाही अनुदान मिळालं, ते १ एप्रिल २०१७पासून थांबवलं. बिल्ला मात्र राहिला. गाडी घेणाऱ्यानं एकच प्रश्न विचारावा, इंजिन बंद ठेवून ही गाडी पार्किंगमधून बाहेर निघते का?

कराचा मामलाही गमतीशीर आहे. सप्टेंबर २०१७पासून मोठ्या हायब्रीडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के आणि मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून सेस गेला आणि दोन्ही ४० टक्क्यांवर आल्या. लिटरला दहा देणारी आणि वीस देणारी आता एका पंगतीत. इलेक्ट्रिकवर पाचच टक्के. राज्याच्या २०२५च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना द्रुतगती मार्गावर टोलमाफीही आहे.

इलेक्ट्रिकला एवढं झुकतं माप रास्त आहे का? तिच्या मागे धुराडं नसतं हे खरं, पण ते चंद्रपूरला असतं. देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते आणि एका युनिटामागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. चार्जिंगमधली गळती धरून मध्यम गाडी किलोमीटरला ०.१५ युनिट खाते असं मानलं, तर १०५-११० ग्रॅम झाले. लिटरला बावीस देणारी काकांची हायब्रीड किलोमीटरला १०५ ग्रॅम सोडते. तेलविहिरीपासून पंपापर्यंतचा खर्च मिळवला तर सव्वाशे. चौदा देणारी साधी पेट्रोल गाडी याच हिशेबानं दोनशेच्या जवळ जाते. थोडक्यात, आज कोळशाच्या विजेवर इलेक्ट्रिक आणि हायब्रीड जवळजवळ खांद्याला खांदा लावून आहेत. फरक पुढे पडतो. सौर आणि वाऱ्याची वीज वाढेल तशी जुनी इलेक्ट्रिक गाडीही दरवर्षी स्वच्छ होत जाईल. हायब्रीड घेतली त्या दिवशी जेवढी स्वच्छ होती तेवढीच राहणार, इथेनॉलनं काय थोडाफार फरक पडेल तो. आणि तिथेही मेख आहेच. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी, शिवाय त्यातलं काही येतं उसातून, आणि ऊस पाण्याशिवाय येत नाही.

ॲव्हरेज कुणाचं सुधारायचं

आता काकांचा हिशेब मांडू. ते वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवतात. चौदाची गाडी सोडून बावीसची घेतली म्हणून त्यांचं दोनशे लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे वीस-बावीस हजार रुपये आणि पावणेपाचशे किलो कार्बन. हायब्रीडला जादा मोजलेले अडीच-तीन लाख वसूल व्हायला बारा-तेरा वर्षं. तीच गाडी वर्षाला साठ हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याला दिली, तर वाचतं दीड हजारांहून जास्त लिटर, साडेतीन टन कार्बन, आणि पैसे दोन वर्षांत वसूल.

शिवाय लिटरला किती किलोमीटर, ही आपली मोजायची तऱ्हाच फसवी आहे. हजार किलोमीटरसाठी दहा देणाऱ्या गाडीला शंभर लिटर लागतं, पंधरा देणारीला ६७. वाचले ३३. वीसवरून पंचवीसवर गेलात तर पन्नासाचं चाळीस होतं, वाचले दहाच. दोन्हीकडे ‘पाचानं ॲव्हरेज वाढलं’. जो आधीच बरा आहे त्याला आणखी बरा करण्यात शहाण्या इंजिनिअरांची वर्षं जातात, आणि दहाच्या गाड्या धूर सोडत बाजूनं निघून जातात.

काकांना हे सांगितलं तर ते वैतागले नाहीत. उलट म्हणाले, ‘‘आता पेट्रोल कमी लागतं म्हणून आम्ही नाशिकला मुलीकडे बसऐवजी गाडीनं जातो.’’ विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानं १८६५मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय, की इंजिनं काटकसरी झाली म्हणून इंग्लंडचा कोळसा कमी जळला नाही, वाढलाच.

म्हणून हायब्रीडची जागा माझ्या मते घरच्या पार्किंगमध्ये नाही. सारखा ब्रेक आणि सारखी धाव जिथे आहे तिथे ती हवी; टॅक्सी, शाळेच्या व्हॅन, पार्सलचे टेम्पो. पण कर ठरवताना गाडी किती धावणार हे कुणी विचारत नाही.

ज्यांच्या टॅक्सीतून गेले त्यांच्या मालकांना चिंचवडला भेटले. गाळ्यात टेबल, मागे गणपती, फोन सतत वाजता. त्यांची काळजी वेगळीच होती. हायब्रीडच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी. ‘‘आठ वर्षं कसली, ताई? आमची गाडी पावणेतीन वर्षांत तिथे पोचते. पुढे बॅटरी बसली तर?’’ एका गाडीची बसली नव्हती, पण तापली होती. काही मॉडेलांत बॅटरी गार करायला मागच्या सीटजवळ हवेची जाळी असते. प्रवाशांनी बॅगा लावल्या आणि धुळीनं ती गच्च झाली. तेव्हापासून दर सर्व्हिसिंगला जाळी साफ करून घ्यायची, हा त्यांचा नियम.

पुढची गाडी कोणती, विचारलं. विमानतळाच्या फेऱ्यांना इलेक्ट्रिक, टोल वाचतो. गणपतीत कोकण आणि एरवी कोल्हापूर-गोवा, तिथे हायब्रीड.

‘‘आणि जुन्या डिझेल गाड्या? भंगारात?’’

‘‘भंगारात कशाला? जतच्या एकानं बोलून ठेवलीय. वडापला लावणार तो.’’

मी वहीतच आकडेमोड केली. लिटरला बारा देणारी ती डिझेल गाडी किलोमीटरला सव्वादोनशे ग्रॅम कार्बन सोडेल. दहा माणसं धरली तरी माणशी साडेबावीस. आणि विमानतळाला मी ज्या नव्याकोऱ्या हायब्रीडमधून गेले, तिच्यात प्रवासी मी एकटीच. माझ्या वाट्याला किलोमीटरमागे एकशे चाळीस. वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी पाहिली आणि ‘दहा माणसं’वर बोट ठेवलं. ‘‘हे चुकलं तुमचं. जतला दहा म्हणजे गाडी रिकामी. चौदा झाल्याशिवाय तो हलत नाही.’’